हकीकत यशूसरकारांच्या अळणी पाण्याची

श्रीअन्नपूर्णेचे चरणी मस्तक ठेवून, चुलीच्या जाळास नमस्कार करोन लिहिले ऐसे जे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, पौष शुद्ध अष्टमी, वार रविवार, ते दिवशी तीन खोल्यांच्या एका राज्यात जे वर्तले ते जैसे पाहिले तैसे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही, मीठ मात्र चवीपुरते आहे.

राज्याच्या धनीण यशूसरकार, वय वर्षे चार. त्यांस बुधवारी ताप आला, शनिवारी उतरला, आणि जाताना सरकारांची भूक बरोबर घेऊन गेला. दुधाची वाटी पुढे केली तर मान फिरवावी, मऊ भात केला तर ओठ मिटावे, आणि मग भिंतीकडे तोंड करोन निजून राहावे. हट्ट नाही, रडणे नाही. सकाळी डॉक्टर पाहून बोलिले की, "संध्याकाळी सातपर्यंत पोटात काही गेलं तर ठीक, नाहीतर ॲडमिट करा. सलाईन लावू." हे ऐकोन सरकारांच्या मातोश्री स्नेहलबाईसाहेब यांनी सरकारांचे मनगट हाती घेऊन पाहिले, ते केवढे, आणि त्यात सुई ती कोठे शिरावी. मग बाईसाहेबांनी ओढणी कमरेस आवळली आणि पती राजश्री विक्रमराव यांस हुकूम केला की, "अहो, कोंबडी आणा. नुसते लेग नकोत. मान, पंख, हाडं, सगळं." आणि विक्रमराव दुकानापुढील रविवारची रांग मोडून, चार जणांचे बोलणे खाऊन, दोन पिशव्या भरोन घेऊन आले.

मग बाईसाहेबांनी मोठे पातेले घेतले, मावतील तेवढे तुकडे त्यात घातले, उरलेली मान-पंखांची पिशवी फ्रिजमध्ये ठेविली, आणि गार पाण्यात हळद, मीठ, आले, ठेचला लसूण, चार मिरे आणि एक गाजर ऐसा सरंजाम सोडून अगदी मंद आच लावली. ते समयी सासूबाई इंदुबाईसाहेब ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि पुसत्या झाल्या, "किती वेळ शिजवणार म्हणालीस?"

"तीन तास, आत्ती. मंद आचेवर हाडांतलं सगळं सत्त्व सुपात उतरतं. फोनमध्ये दिलंय."

"फोनला पोरं हाईत व्हय? कुकरला लाव की. चार शिट्ट्यांत कोंबडी काय, कोंबडीचा बाप शिजंल. आणि सूप सूप काय करालीस, आमचं अळणी पाणी म्हंजे हेच की. तुझ्या नवऱ्याला दात यायच्या आधी पाजलंय."

या मुलखाची रीत ऐसी की, कोंबडी हळदमिठात शिजली म्हणजे तिचे वरचे पाणी आधी काढून घ्यावे, मीठ असोनही तिखट नाही म्हणोन त्यास अळणी म्हणावे, ते लेकरांस आणि आजाऱ्यांस पाजावे, आणि मग उरल्या ऐवजात कांदा-लसणाची लाल चटणी पडावी. इंदुबाईसाहेबांचा हात या कामी चाळीस वर्षे चालत आलेला. परंतु सुनेचे मन मोडू नये म्हणोन त्या ओट्यापासून बाजूस सरल्या, आणि बाईसाहेब घटकेघटकेस पळीने फेस काढीत बसल्या.

तिसरा तास सरत आला तो आतून सरकारांचे कण्हणे ऐको आले. "आत्ती, जरा बघा हं," ऐसे बोलोन बाईसाहेब आत धावल्या, सरकारांचे अंग पुसले, झबले बदलले आणि थोडे मांडीवर घेऊन बसल्या. इकडे पातेल्यातून वास उठला. इंदुबाईसाहेबांस नातीच्या उशाशी बसून चार रात्रींची झोप नव्हती. वास नाकात शिरताच हात आपला आपण बरणीकडे गेला, आणि अळणी काढायचे राहिले आहे हे ध्यानी येण्याआधी दोन चमचे चटणी पातेल्यात पडून ढवळलीही गेली. बाईसाहेब परत येऊन पाहतात तो तीन तासांचे पाणी लालभडक, वर तवंग डोलतो आहे.

"स्नेहल," इंदुबाईसाहेब बोलिल्या, "माझा हात गं... हात गेला. पळीनं मार मला."

बाईसाहेबांच्या ओठांशी बहुत कठीण शब्द आला होता. परंतु पाहिले तो सासूबाईंनी पळी खरोखरच पुढे केली होती. मग शब्द गिळला आणि घड्याळाकडे पाहिले, पावणेपाच. "आत्ती, ती मान-पंखांची पिशवी काढा. आता तीन तास नाहीत आपल्याकडे. तुमचा कुकर लावू."

"आधी ती बरणी माझ्यापुढनं उचल."

बरणी कपाटावर चढली आणि उभयतांत तह जाहला. कुकर उघडा ठेवोन पहिली उकळी आणावी आणि फेस सुनेने काढावा, मग झाकण सासूने लावावे, चार शिट्ट्यांनंतर आच बारीक करोन अर्धा तास ठेवावे. तैसेच केले. पाणी फडक्यातून गाळले, वरचे तेल चमच्याने टिपले, आणि साडेसहास वाटीत सोन्यासारखे पिवळे पाणी उतरले. तोपावेतो विक्रमरावांनी इस्पितळाची पिशवी भरोन दाराशी ठेविली होती.

पहिला चमचा पुढे गेला, ओठ मिटलेले. दुसरा ओठांस लागला आणि हनुवटीवरून ओघळला. तिसरा आत गेला, आणि गिळल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. चौथ्या चमच्यावर बाईसाहेब फुंकर घालतात तो सरकार उठोन बसले आणि गरजले, "फुंकू नको! मला येतं फुंकायला!" आणि वाटी हिसकोन घेतली, पाव हिस्सा चादरीवर सांडला, बाकीचे घटाघटा प्याले, आणि वाटीमागून डोळे वटारून बोलिले, "आज्जी, तू काय बघालीस? जा तिकडं!" ऐसा अपमान होताच इंदुबाईसाहेब तोंडास पदर लावोन स्वयंपाकघरात गेल्या, बाईसाहेब त्यांच्या मागे गेल्या, आणि दोघी ओट्यापाशी एकमेकींस धरोन हसल्या की रडल्या ते नक्की सांगता येत नाही. विक्रमरावांनी कोणी न सांगता पिशवीतले कपडे परत कपाटात लाविले.

तात्पर्य, तापाबरोबर गेलेली भूक रविवारी दिवेलागणीस घरी आली, सुई टळली. सरकार रागावले, राज्य वाचले.