चाळिसावी विहीर

लग्नाला जाताना माणसं आहेर घेऊन जातात. आमचे हिराजीकाका पाण्याने भरलेला तांब्या घेऊन जायचे. पंगतीत बसले की यजमानांच्या घरच्या पाण्याचा एक घोट तोंडात घ्यायचे, या गालातून त्या गालात खेळवायचे, मांडवामागे जाऊन थुंकायचे आणि परत येऊन निकाल द्यायचे. "रहाट जास्ती चालवलास. आठ दिस इसावा दे विहिरीला." मग जेवण होईपर्यंत स्वतःच्या तांब्यातलं पाणी. यजमान मनातून चिडायचे, पण दुसऱ्या दिवसापासून रहाट बंद ठेवायचे. वसईत खाडीकाठी उन्हाळ्यात फार उपसा झाला की विहिरीत खारं पाणी चढतं, आणि ते काकांच्या जिभेला सगळ्यांच्या आधी कळतं, हे अख्खं गाव जाणून होतं.

काका आमचे शेजारी. एकटेच राहत आणि खाडीकाठी भात पिकवत. तांब्यात त्यांच्या घरच्या विहिरीचं पाणी असतं आणि ही त्यांची ऐट आहे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मुंबईला रसायनशास्त्रात पीएच.डी.साठी माझं नाव नोंदलं गेलं. आमच्या आळीतला असा पहिलाच मी. विषय होता वसईच्या विहिरींमधला खारेपणा. काकांनी त्याच दिवसापासून मला डॉक्टर करून टाकलं. रस्त्यात भेटले की जीभ बाहेर काढायचे. "बघ रं डाक्टर, यंत्र चालू हाय ना?" जे त्यांना घोटात कळतं ते शोधायला सरकार मला विद्यावेतन देतं, हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विनोद होता.

माझ्या मार्गदर्शक सरांची पहिली अट कडक होती. वैशाख संपताना, पाणी सर्वांत खारं असतं तेव्हा, चाळीस विहिरींचे नमुने घ्यायचे आणि जूनमध्ये आकडे दाखवायचे. नाहीतर नोंदणी रद्द. मी औषधाच्या जुन्या बाटल्या जमवल्या. पहिल्या पाचांवर कानशीने आकडे कोरले, मग कंटाळलो आणि उरलेल्यांवर खळीने कागद चिकटवले. सायकलवर पंधरा दिवस हिंडून चाळीस बाटल्या भरल्या आणि ओटीवर मांडून ठेवल्या.

त्या माझ्या आईने धुतल्या. मुलगा एवढा शिकलेला आणि बाटल्या अशा मळक्या, हे तिला बघवलं नाही. बुचं घट्ट दाबून तिने प्रत्येक बाटली राखेने घासून लखलखीत केली. आतलं पाणी तसंच राहिलं, पण कागद गेले, कोरलेले पाच आकडे तेवढे उरले. त्यात दोन दिवसांपूर्वीच पाऊस लागला होता. तो यंदा लवकर आला होता. विहिरींत गोडं पाणी उतरलं होतं. पुन्हा नमुने घ्यायचे तर पुढच्या वैशाखापर्यंत थांबायला हवं होतं.

आई रडायला लागली. ते ऐकून काका कुंपणावरून आले, ओटीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "झाकण्या काढ."

एक थेंब जिभेवर, मग डोळे बंद, मग निकाल. हे तुझ्या आत्याच्या सासरचं. हे देवळामागचं, शेवाळ काढलं नाय अजून. हे दोन जावांच्या सामाईक विहिरीचं. दोघी चढाओढीने उपसतात, त्यापायी असं झालंय. मी खडूने लिहीत होतो. कोरलेले आकडे मी गुपचूप बोटाने झाकायचो, आणि पाचही बाटल्यांची विहीर काकांनी बरोबर सांगितली. पाचवीला मी ओरडलोच. आईने डोळे पुसून गूळ आणला. शेजारीपाजारी जमले, पैजा लागल्या आणि काका एखाद्या मल्लासारखे एकेक बाटली चीत करत चालले.

शेवटच्या दोन बाटल्यांपाशी मात्र ते थांबले. दोन्ही पुन्हा चाखल्या. लोकांना पांगू दिलं, मग हळूच म्हणाले, "ही नि ही, एकाच पोहऱ्यातल्या."

खरं होतं. चाळिसावी विहीर खाजणापलीकडे, म्हणजे खाडीच्या खाऱ्या दलदलीपलीकडे, ओसाड पडलेल्या बेटावर होती. उन्हात चिखल तुडवायचा कंटाळा आला, म्हणून एकोणचाळिसाव्या विहिरीवरच मी दोन बाटल्या भरल्या होत्या. मी ते काकांना सांगून टाकलं.

मला वाटलं, आता शिव्या बसणार. काका उठून घरी गेले आणि तांब्या घेऊन आले. "त्या बेटावर तुझ्या काकीचं माहेर. नवी नवरी आली तवा हिकडचं पानी तिला गोड लागंना. रडायची. मग दर सोमवारी मी तिकडून आणायचो."

काकी जाऊन सात वर्षं झाली होती. मी तसं म्हणालो.

"व्हय. पन सोमवार आला का पाय जातातच."

त्यांनी त्या दोनांतली एक बाटली रिकामी केली, तांब्यातल्या पाण्याने विसळली आणि काठोकाठ भरली. "पावसाआधीचं हाय. घे." तांब्या जवळजवळ रिकामा झाला. पावसात खाजणातली वाट बुडते आणि दसऱ्यापर्यंत तिकडे जाता येत नाही. काका दरवर्षी पावसाआधी एक घागर भरून ठेवायचे. यंदा ते राहून गेलं होतं.

चाळिसावी बाटलीच माझं नशीब ठरली. चारी बाजूंना मिठाचं खाजण आणि मधोमध असं गोड पाणी! सर खुर्चीतून उठले. पुढे माझा सगळा प्रबंध त्या एका विहिरीभोवती उभा राहिला. त्या दिवशी सरांनी विचारलं, "स्वतः गेला होतात?" मी म्हणालो, "होय सर."

नोंदणी कायम झाल्याचं पत्र आलं तेव्हा आईने सत्यनारायण घातला. काका पंगतीला रिकाम्या हाताने आले आणि आमच्या विहिरीचं पाणी भांडंभर प्यायले. उतरली एकदाची ऐट, म्हणत सगळी पंगत हसली. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं हाय पानी, डाक्टर." मीही हसलो.

प्रबंधात मी सरांचे आभार मानले, प्रयोगशाळेतल्या शिपायाचे मानले, सायकल देणाऱ्या मेहुण्याचेही मानले. आता काका नाहीत, सरही नाहीत. माझी ऐंशी उलटली आहे. म्हणून इथे लिहून ठेवतो: चाळिसाव्या विहिरीवर मी गेलो नव्हतो. ते पाणी हिराजीकाकांनी आणलं होतं, आणि माझ्यासाठी आणलं नव्हतं.