पेन्सिल पळून जात नाही

माणूस भेटला की लोक त्याचं तोंड बघतात. विसपुते बोटं बघायचा. त्यातून समोरच्याच्या हातात पेन नाहीतर पेन्सिल असली, तर रामराम राहिला बाजूला. हा पुढे वाकायचा, चष्मा वर सरकवायचा आणि म्हणायचा, "सैल सोडा, भाऊ. पळून जात नाही ती."

बोईसरजवळच्या आमच्या नवापूरच्या पोस्टमनला ह्या माणसाची धास्तीच होती. पावती लिहिताना तो पेन असा आवळायचा की नखं पांढरी पडायची. विसपुतेने एकदा पावती बाजूला ठेवली आणि माझ्या ओट्यावर बसून त्याची बोटं एकेक करून उलगडली. "अंगठा आत मोडू नका. टोकापासून दोन बोटं मागे धरा. हं, आता मधल्या बोटावर नुसती ठेवा." पोस्टमन मला हळूच म्हणाला, "मिस्त्री, तुमचा भाडोत्री डाक्टर हाय का?"

"नाय रे, ड्राफ्समन हाय," मी म्हटलं.

ड्राफ्समन म्हणजे काय ते मलाही ह्याच्यामुळेच कळलं. विसपुते जळगावकडचा. बोईसरला कारखाने वाढायला लागले त्या दिवसांत आला आणि माझ्या मागच्या खोलीत राहिला. एकटाच. सकाळी सायकलवर बोईसर, संध्याकाळी परत. कारखान्यात मशीन बनायच्या आधी तिचं चित्र काढावं लागतं, म्हणे. मी हसलो. तोवर माझ्या हातच्या एकवीस होड्या दर्यात गेल्या होत्या, एकीचंही चित्र कुणी काढलं नव्हतं. होडी डोळ्यात असते, तिथून हातात येते. मध्ये कागदाचं काय काम? मी दुसरीपर्यंत शिकलो आणि त्याने माझं काही अडलेलं नाही.

त्याच्या खोलीत एक तिरकं टेबल होतं आणि बिस्किटाच्या डब्यात पेन्सिली. प्रत्येक पेन्सिलीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती अंगठ्याएवढी जाड केलेली. माझी बायको जानकी झाडू मारायला गेली ती हसतच बाहेर आली. म्हणाली, "उंदीर गिळलेले साप भरून ठेवलेत डब्यात."

विसपुते गंभीर. "वहिनी, वस्तू बारीक असली की हात जास्त आवळतो. जाड असली की बोटं निवांत बसतात."

दुसरं खूळ हात झटकायचं. कुठलंही काम करताना मधेच थांबायचा, मुठी उघडायचा आणि पाणी झटकावं तशी दोन्ही मनगटं झटकायचा. म्हणायचा, हात दुखायच्या आधी थांबायचं, दुखल्यावर थांबून उपयोग नाही. एका लग्नात पंगतीला जेवताना त्याने असाच हात झटकला. हात आमटीभाताचा होता. शेजारी नवरदेवाचा मामा होता आणि त्याचा सदरा पांढरा होता. तेव्हापासून गावात त्याला पंगतीच्या टोकाला बसवायचे.

जानकी मासळी कापायला बसली तरी ह्याची शाळा चालू. "कोयता सैल धरा, वहिनी. बांगडा पळून जात नाही."

"जिता असता तर पळाला असता, भावजी," जानकी म्हणायची. पण पुढे पुढे ती कोयता सैल धरायला लागली होती, हे मी बघितलं आहे.

एका वर्षी माझा धाकटा भाऊ दामू, त्याची होडी खडकावर आपटून फुटली. मी त्याला नवी बांधायला घेतली. पावसाळाभर खपलो. नारळी पौर्णिमेला नारळ दर्यात पडला की मासेमारी सुरू, त्याच्या आधी होडी पाण्यात जायला हवी, नाहीतर दामूच्या घरात वर्षभर काय शिजणार? होडी झाली. आणि पालघरच्या हपिसातून निरोप आला की इंजिनाच्या होडीची नोंदणी हवी आणि नोंदणीला नकाशा हवा, तो बांधणाऱ्याने सही करून द्यायचा.

मी हपिसात गेलो. म्हटलं, "होडी बघायची तर किनाऱ्यावर या. मी सगळी दाखवतो."

कारकून म्हणाला, "बाबा, होडी फायलीत लावता येत नाही."

पौर्णिमेला वीस दिवस होते. घरातच चित्रं काढणारा माणूस बसलेला. पण कुणाकडे काही मागायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. चार दिवस तसेच घालवले. शेवटी जानकी म्हणाली, "तुमी नाय बोललात तर मी बोलते." मग मीच गेलो. म्हटलं, "साहेब, दामूच्या होडीचा नकाशा काढून द्या. तुमचं एका रविवारचं काम."

विसपुतेने चष्मा वर सरकवला. मग म्हणाला, "नाही. होडी तुमच्या डोक्यात आहे, मिस्त्री. तुम्हीच काढा. मी शिकवतो."

मला राग आला. मनात म्हटलं, ह्याला शिक्षणाचा माज आहे. पण होडी वाळूत उभी होती. बसलो त्याच्या टेबलाशी.

आता मी आयुष्यभर लाकडाशी झुंजलेला माणूस. पटाशी आवळली नाही तर ती बोट कापते. मी पेन्सिलही तशीच धरली. पहिल्या रेघेला टोक मोडलं, दुसरीला कागद फाटला, तिसरी खालच्या लाकडावर उमटली. विसपुते म्हणाला, "टेबलाची होडी करताय का?" तीन दिवसांत माझा अंगठा बुडापासून सुजला. चहाचा कप धरवेना. जानकी हळद लावताना म्हणाली, "एकवीस होड्या बांधल्यात, हात नाय दुखला. आणि ह्या काडीने दुखला."

विसपुते सारखा मागे उभा. "नुसती बोटं चालवू नका. मोठी रेघ खांद्यातून येते. आवळू नका. सैल."

चौथ्या दिवशी मी पेन्सिल ठेवून दिली. म्हटलं, "तुमची इद्या तुमच्याजवळ ठेवा. दोन रेघा मारायच्या सोडून मला नाचवताय." आणि दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

रविवारी मी खाडीच्या धक्क्यावर गरी टाकून बसलो होतो. डोकं तापलं की मी तेच करतो. विसपुते आला आणि शेजारी बसला. त्याची नजर नेहमीच्या जागी, माझ्या बोटांवर.

"मिस्त्री, ही दोरी कशी धरलीय?"

"धरली नाय. बोटावर ठेवलीय. आवळली तर खाली मासा लागला ते कळत नाय. लहान पोराला पण ठाऊक हाय हे."

तो उठून उभाच राहिला. म्हणाला, "मग दोन दिवस मला का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंत कधी?"

गरी गुंडाळली आणि तसेच घरी गेलो. मी पेन्सिल बोटावर ठेवली, दोरी ठेवतो तशी. रेघ अशी गेली की मलाच खरं वाटेना. खालचा कागद बोटांना कळायला लागला. मग मी त्याला गप्प बसवलं आणि आठ दिवस काढत बसलो. हात जड झाला की उठायचो, मनगटं झटकायचो. जानकी तोंडाला पदर लावायची, मी तिच्याकडे बघत नव्हतो. मापं मी हातात आणि वितीत सांगितली, त्याने त्यांचे फूट करून दिले, तेही तोंडी. आकडे मलाच लिहायला लावले. दोन नकाशे काढले, एक हपिसाला आणि एक आपल्याला.

पौर्णिमेला तीन दिवस राहिले तेव्हा आम्ही दोघे पालघरला गेलो. विसपुतेने त्यासाठी रजा घेतली. कारकुनाने नकाशा उलटापालटा करून बघितला. म्हणाला, "बाबा, हे तुम्ही काढलेलं नाही. कुणा इंजिनिअरकडून काढून आणलंय."

मी त्याच्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि त्याच्याच कागदावर नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, वळणाची रेघ एका दमात मारली. कारकुनाने नकाशा सरळ करून माझ्यापुढे ठेवला. मी नकाशाखाली पूर्ण नावाची सही केली, जोडाक्षरासकट.

"आता साक्षीदार," तो म्हणाला. "ह्यांनीच काढला हे बघितलेला कोणी आहे का?"

"मी आहे," विसपुते म्हणाला. कारकुनाने त्याच्यापुढे पेन धरलं.

विसपुतेने ते घेतलं. बोटावर ठेवलं, अगदी शिकवायचा तसं. आणि मग त्याची बोटं आपोआप मिटली. अंगठा आत वळला, मनगट वाकडं झालं आणि पेन मुठीत असं अडकलं की डाव्या हाताने सोडवावं लागलं. त्याने परत घेतलं. परत तेच. कपाळाला घाम आला. कागदावर एक टिंबसुद्धा उमटलं नाही.

"करा ना सही," कारकून म्हणाला. "मागे लोक थांबलेत."

मी म्हटलं, "राहू द्या साहेब, उद्या दामूला आणतो साक्षीला."

"दामूने काढताना बघितलेलं नाही, मी बघितलंय." मग कारकुनाकडे वळून त्याने विचारलं, "अंगठा चालेल?"

कारकुनाने त्याच्या खिशातल्या पेन्सिलींकडे बघितलं, चष्म्याकडे बघितलं. "शिकलेले दिसता."

"अंगठा चालेल का?"

चालत होता. शाईचं पॅड पुढे आलं. ज्याला सगळं गाव मशिनींची चित्रं काढणारा म्हणायचं, त्या माणसाने भर हपिसात, मागे रांग उभी असताना, माझ्या सहीखाली अंगठा उठवला. कारकुनाने नोंदणीचा शिक्का मारला. दामूची होडी पाण्यात जाणार होती.

परतीच्या एस.टी.त तो खिडकीशी बसला. मी तिकिटं काढली. पालघरबाहेरचा माहीमचा फाटा गेल्यावर तोच बोलला.

"पहिल्या नोकरीत साहेब मागे उभा राहायचा. रेघ चुकेल म्हणून मी पेन्सिल आवळायचो. दहा-दहा तास. रात्री बोटं उघडायची नाहीत, सकाळी गरम पाण्यात धरायचो. मग एक दिवस उघडलीच नाहीत. इथे मला दुसऱ्यांचे नकाशे गुंडाळून कपाटात ठेवायचं काम आहे, मिस्त्री. गेटवर हजेरीचं कार्ड टोचून आत जातो, कार्ड टोचून बाहेर येतो." मग म्हणाला, "सैल धर म्हणून सांगणारं तेव्हा कोणी नव्हतं. बाकी काही नाही."

आपल्या नकाशाची गुंडाळी मी आवळून धरली होती, ती सैल केली.

बस सरळ रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, "आपला नकाशा जरा द्या इकडे." मी गुंडाळी सोडून त्याच्या मांडीवर पसरली. शाईने निळा झालेला अंगठा त्याने कागदाला लागू नये म्हणून वर धरला आणि शेजारचं बोट रेघेवर ठेवलं. नाळेपासून निघालं ते होडीच्या पोटावरून, मागच्या टोकाला वळून, दुसऱ्या बाजूने परत नाळेशी आलं. बस खड्ड्यांतून चालली होती. बोट कुठेच अडलं नाही.