जीपची थंडीची तालीम

लेहला जीप घेऊन यायला दौलत परबाने छाती काढून होकार दिला, तेव्हा लालबागेत मे महिन्याचं ऊन तापलं होतं. बर्फाशी त्याची ओळख उसाच्या रसापुरतीच. पण संपानंतर त्याची मिल उघडलीच नाही, घर त्याची बायको शेवंती बाजारात मासे विकून चालवत होती, आणि जुनी डिझेल जीप घेतल्यापासून लग्नाच्या वऱ्हाडापलीकडे त्याला कुणी विचारलं नव्हतं. लेहच्या सहलीला गाडी हवी म्हणून दादरचे चार डॉक्टर आपल्या पायाने चाळीत आले, त्यांना नाही कसं म्हणायचं?

"खिंडीत डिझेल गोठतं म्हणे," शेजारचा आनंदा म्हणाला. "रेडिएटर फुटतो. बॅटरी मरते."

"आणि माणूस?" शेवंतीने विचारलं.

"माणसाचं काय ऐकलं नाय बुवा."

तेवढ्यावर शेवंतीने "जाव नकात" हे पालुपद धरलं. दौलतने मात्र रेडिएटरमध्ये न गोठणारं औषध ओतलं, डिझेलमध्ये रॉकेल मिसळलं, चाकांसाठी साखळ्या आणल्या. बॅटरीसाठी गोधडी शिवायचं काम शेवंतीवरच आलं. ती बडबडत शिवत राहिली.

"पण ट्रायल नको?" दौलत म्हणाला. "ट्रायलशिवाय मशीन चालवायचं नाय."

लालबागेत थंडी आणायची कुठून? शेवंती ज्याच्याकडून मासे उचलायची, त्या जगदीश कोळ्याचं बंदरावर शीतगृह होतं. "वहिनी, दुपारी माल थोडाच असतो, तवा आणा," तो म्हणाला.

दौलतने जीप आत घातली, इंजिन बंद केलं. अंगात दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी, हातात लोकरी मोजे. शेजारी शेवंती, नुसती शाल घेऊन. जगदीशने दार ओढलं.

"कसा वाटता?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"म-म-मस्त."

तासाभराने जगदीशने दार उघडून आरोळी दिली, "मारा सेल्फ!" दौलतची बोटं वळेनात. मोज्यातून चावी निसटली, ती थेट खालच्या पापलेटच्या क्रेटमध्ये. तो नुसताच वाकून बघत राहिला. शेवंती उतरली, कोपरापर्यंत हात बर्फात घातला, चावी काढली आणि त्याला ढकलून ड्रायव्हरच्या जागी बसली.

"अगं, गाडी गिअरमध्ये..."

तिने चावी फिरवली. जीप दोनदा खोकली, मग गरजली आणि उलटी धावत दाराबाहेर गेली. जगदीशने बाजूला उडी मारली. बाहेरच्या बर्फाच्या चुऱ्याच्या ढिगात मागची चाकं रुतली, तेव्हा कुठे ती थांबली. कोळणी पोट धरून हसत होत्या.

उन्हात आल्यावरही दौलतचे दात वाजत होते. तो खाली मान घालून म्हणाला, "डॉक्टरांना नाही म्हणून सांगतो."

"कित्याक? गाडी चालू झाली ना?"

"गाडी झाली. मी नाय झालो."

शेवंतीने त्याच्याकडे पाहिलं. संपानंतर मिलच्या फाटकावरून तो परत यायचा, तेव्हाही त्याचा चेहरा असाच असे. तिने त्याचे मोजे काढले, त्याची बोटं आपल्या तळहातांत घेऊन चोळली.

"जगदीशभाऊ," ती ओरडली, "म्हयनोभर माझो माल दुसऱ्या कुणाक द्या. मी ह्यांच्यावांगडा जातंय."

"तू?" दौलत दचकला.

"नायतर चावी कोण फिरवतलो? आता सरका, आणि रिव्हर्स सोडून दुसरो गिअर खंय असता, तो दाखवा."