एका सागवानी उताराने राज्य तपासिल्याची हकीकत

श्री. जो वर चढवितो त्यास नमस्कार, आणि चढविलेल्यास खाली कैसे आणावे याचा विचार करीत जो बसतो त्यासही नमस्कार. शके सत्राशें, विलंबी नाम संवत्सरे, ज्येष्ठ शुद्ध दशमीस मागील सर्व मजकूर आठवून ही हकीकत लिहावयास घेतली. हुकूम जाला कीं राज्यात निगराणी कैसी जाली ते खरे लिहावे. त्यास खरे लिहितो, मात्र लिहिणाराचे नाव घालीत नाही, कारण लिहिणारास नोकरी आहे आणि मुलेलेकरे आहेत.

वर्तमान ऐसे जे, समुद्रापलीकडे सर्व राजांची थोर सभा भरली, आणि तेथे करार ठरला कीं ज्यांस दिसत नाही, ज्यांस ऐकू येत नाही, ज्यांचे पाय चालत नाहीत अथवा ज्यांची बुद्धी आपल्या चालीने चालते, तीही रयतच आहे, त्यांस कचेरी, शाळा, देऊळ, बाजार सर्व मोकळे असावे, आणि हे खरोखर होते कीं नाही ते पाहावयास प्रत्येक राज्यात एक स्वतंत्र मंडळ असावे. आमचे महाराज दिलदार, त्यांनी करार न वाचताच मोर्तब केले आणि मेजवानीस बसले. मग स्वदेशी आलियावर दिवाणजींनी करार वाचून दाखविला, तेव्हा महाराजांस घाम सुटला, आणि दिवाणजी म्हणाले, "चिंता नसावी. करणे अवघड आहे, पाहणे सोपे आहे. आपण पाहणारे नेमू." महाराज बहुत संतोषले आणि निगराणी मंडळ स्थापिले. मंडळ स्वतंत्र असावे ऐसी अट, त्यास दिवाणजींचे मेहुणे राजश्री त्रिंबकराव यांस मुख्य नेमिले, कारण ते दिवाणजींशी वर्षभर बोलत नव्हते, आणि याहून स्वतंत्र मनुष्य दरबारात सापडेना. मंडळात एक तरी पंगू असावा ऐसीही अट, त्यास एक सरदार घोड्यावरून पडून पाय मुरगळून बसले होते, त्यांस घेतले. पुढे पाय बरा जाला, सरदार शिकारीस जाऊ लागले, परंतु जागा त्यांचीच राहिली.

मग मंडळाने पहिले काम हे काढिले कीं या लोकांस म्हणावे काय. पंगू म्हणो नये, आंधळा म्हणो नये, मुका म्हणो नये, ऐसा खल बहुत जाला, शास्त्री बोलाविले, फराळ जाले, आणि अखेरीस 'ईश्वराचे लाडके' हे नाव ठरोन त्याची दवंडी पिटिली. ज्यांचे नाव ठेविले त्यांस कोणी विचारिले नाही, कारण मंडळाची बैठक किल्ल्याच्या तिसऱ्या मजल्यावर भरे, आणि ईश्वराने आपल्या लाडक्यांस तेथवर चढविले नव्हते.

नाव ठरलियावर तपासणी आली. प्रत्येक कचेरीस पायऱ्यांच्या जोडीने चाकावरच्या मनुष्यास चढता येईल ऐसा उतार असावा, हे करारात साफ लिहिले होते. त्यास सरकारी सुताराने सागवानी फळ्यांचा एक उतार नमुना म्हणोन बांधिला, दोन तुकडे, मध्ये लोखंडी कड्या, कडेस पितळी फुले, आणि दिवाणजी पाहून खूष जाले. मग बाकी कचेऱ्यांच्या उतारांचा खर्च निघाला तेव्हा खजिनदार म्हणाले, "एक आहे ना? पुरवून वापरू." आणि तेव्हापासोन रिवाज पडला कीं मंडळ ज्या कसब्यास जावयाचे तेथे उताराची बैलगाडी आदल्या दिवशी जावी, उतार पायऱ्यांवर टाकावा, मंडळाने पाहावा, मान डोलवावी, जेवावे, आणि मंडळाची पाठ फिरताच उतार पुढल्या कसब्यास न्यावा. त्रिंबकरावांस हे ठाऊक होते काय, ऐसे कोणी पुसेल. गाडी त्यांच्याच ताफ्यात, मुदपाकखान्याच्या मागे चाले. त्यांनी अहवालात लिहिले कीं सर्व कचेऱ्यांचे उतार एका मापाचे व एका घाटाचे आहेत, ऐसी शिस्त अन्य राज्यांत नाही.

ऐसे फिरत फिरत मंडळ कसबे माळवेढे येथे आले. तेथील कचेरी उंच जोत्यावर, पायऱ्या उभ्या, आणि मामलेदार हरबाजीपंत. त्या कसब्यात रंभा साळीण म्हणोन एक बाई होती. तिचे पाय लहानपणीच्या तापात गेले, चाकांच्या पाटावर बसून हातांनी ढकलीत ती गावभर फिरे, आणि जिभेस मात्र कधी ताप आला नव्हता. तिचा बाप वारला, राहते घर आणि माग तिच्या नावे ठेवून गेला. मग बापाचा चुलतभाऊ धोंडजी सांत्वनास म्हणोन आला तो घरातच राहिला, आणि रंभेस गोठ्यात घातले. तिने फिर्याद लाविली. परंतु कचेरीचा दंडक ऐसा, कीं फिर्यादीने सदरेवर गादीसमोर खुद्द हजर व्हावे, आणि कामकाज चालता हाकिमाने पायरी उतरो नये, उतरल्यास गादीचा अपमान. त्यामुळे तारखेच्या तारखेस रंभा पायऱ्यांशी बसे, वरून चोपदार पुकारी, "रंभा साळीण हाजिर?" खालून ती म्हणे, "हाय की, हितंच हाय." आणि पंत कारकुनास सांगत, "लिहा, गैरहजर." आता पुढली गैरहजेरी पडताच फिर्याद खारीज होऊन घर कायमचे धोंडजीचे व्हावे, ऐसी वेळ आली होती.

तो मंडळ येऊन ठेपले, आणि त्याच सुमारास समुद्रापलीकडून लखोटा आला होता कीं उतार नुसता पाहो नये, त्यावरून कोणी चढते तेही पाहावे. त्रिंबकराव म्हणाले, "पंत, एखादा लाडका दाखवा." पंत म्हणाले, "हवा तेव्हा आहे, खालीच बसलेली असते." मग रंभेस बोलाविले, आणि ती पाट ढकलीत, घामाघूम होत, कोणाचा हात न घेता सागवानी उतारावरून सदरेवर चढली. जन्मात प्रथमच तिने ती गादी पाहिली, आणि पाहते तो गादीचा एक कोपरा उंदरांनी खाल्लेला. मंडळाने टाळ्या पिटिल्या, सरदारांचे डोळे पाणावले, शालश्रीफळ दिले, आणि त्रिंबकरावांनी पुसिले, "बाई, कैसे वाटले?" रंभा म्हणाली, "चढल्यागत वाटलं." ते उत्तर अहवालात 'आनंदाश्रूंनी कंठ दाटला' ऐसे लिहिले गेले. मग जिलबीची पंगत जाली, मंडळ निघाले, गडी धावले, उतार गाडीवर चढला आणि गाडी गेली. रंभा सदरेवरच होती. उतार न्यावा हे सर्वांस सुचले, बाई अगोदर उतरवावी हे कोणासच सुचले नाही.

पंत म्हणाले, "रंभे, आता खाली जा."

"जाते की. उतार आणा."

"चार गडी उचलून ठेवतील."

"मी काय भाताचं पोतं हाय? माझी मी आले, माझी मी जाईन. आन् उद्या तारीख हाय माझी, हजर ऱ्हायला पायजे का नको?"

पंत कचेरी आवरून घरी गेले, रंभा सदरेवरच निजली. दुसरे दिवशी चोपदाराने सवयीने खालच्या पायरीकडे पाहून पुकारिले, तो त्याच्या कानाशी "हाय" ऐसे आले आणि तो दचकला. धोंडजी मात्र आला नव्हता. रंभा गैरहजर लागणार या भरवशावर तो व्याह्याकडे आमरस खावयास गेला होता. तेव्हा गैरहजर तो हरला हा कचेरीचाच दंडक पंतांच्या गळ्यात आला, आणि शिवाय सदरेवर बाईची भाकरी भाजली जात होती व धूर गादीवर येत होता, म्हणोन पंतांनी झटकन निवाडा दिला, "घर तुझे, माग तुझा. आता ऊठ."

रंभा म्हणाली, "पंत, तुमच्या तोंडात साखर पडो. पन उद्या चुलता आला, त्यानं उलटी फिर्याद केली, आन् मला खालनं पुकारलं, तर मी पुन्हा गैरहजरच का? घर मिळालं, ते ऱ्हायला बी पायजे. उतार हितं कायमचा होऊ द्या, मग उतरते." आणि तिने गादीच्या लोडावर आपले लुगडे वाळत घातले.

पंतांनी घाबरोन त्रिंबकरावांकडे स्वार पाठविला कीं उतार दोन घटका तरी परत द्यावा. त्यांचा जबाब आला: "आपल्या कचेरीत उतार कायम आहे ऐसे आम्ही स्वदस्तुरे लिहिले आहे. जी वस्तू आपल्यापाशी आहे ती आमच्यापाशी कैसी मागता?" आणि त्रिंबकराव स्वतःच पेचात होते, कारण रंभेची बातमी त्यांच्या गाडीपुढे धावली होती. पुढल्या कसब्यात एक लंगडे सोनार वर चढविले ते खाली येईनात, त्यापुढे शाळेत एक पांगळी पोर चढविली ती धडा संपेतो हलेना, आणि मंडळ जेथे जाई तेथे मागे वर बसलेला एकेक मनुष्य ठेवून येई.

इकडे पंत पुरते मेटाकुटीस आले. लुगड्याखाली न्याय करणे त्यांस अवघड जाऊ लागले, लोक फिर्यादी सोडून तमाशा पाहावयास जमू लागले, तेव्हा त्यांनी पदरचा गवंडी लावून पायऱ्यांशेजारी दगडाचा पक्का उतार बांधविला. जे करार, मोर्तब, मंडळ आणि दवंडी यांच्याने जाले नाही ते एका वाळत्या लुगड्याने जाले, हे लिहिताना मला संतोष होतो. रंभा म्हणाली, "आता कसं बोललात," आणि हातांनी पाट आवरीत सावकाश उतरली व तडक आपल्या घरी गेली. दाराशी उंच उंबरा होता, बापाच्या वेळी बाप तिला उचलून आत घेई. तिने त्याच गवंड्यास बोलावून उंबरा त्याच दिवशी काढविला, त्यास कोणाची मंजुरी मागितली नाही, आणि आत जाऊन धोंडजीची वळकटी अंगणात ठेविली.

मंडळाने पंतांस जाब विचारिला कीं सागवानी उतार असता दगडी उतार कशास बांधिला. आणि समुद्रापार अहवाल गेला कीं आमच्या राज्यात ईश्वराच्या लाडक्यांस कचेऱ्या इतक्या सुखाच्या जाल्या आहेत कीं वर गेलेले खाली यावयास राजी नाहीत. त्यावर थोर सभेने महाराजांस सुवर्णपदक पाठविले.

एणेप्रमाणे निगराणी जाली. पाहणारे पाहून गेले, पदक दरबारात टांगिले, आणि सागवानी उतार अद्याप गाडीवर फिरतो आहे. रंभाबाई आपल्या घरी माग चालवितात. जैसे घडले तैसे लिहिले. कोणास खोटे वाटल्यास माळवेढ्याच्या कचेरीत येऊन फिर्याद करावी, तेथे आता कोणासही वर येता येते.