परतीची सोय: लागू नाही

"अहो, अर्ज म्हणजे काय हो! डाव्या हातचा मळ!" एकटाके म्हणाले, आणि तिथेच माशी शिंकली.

एकटाके हे काही आडनाव नव्हे. नगरपालिकेच्या या कारकुनाला कुठलाही कागद एका बैठकीत हातावेगळा करायची खोड, म्हणून कचेरीने ठेवलेलं हे नाव. या वेळचा कागद मात्र साधासुधा नव्हता. विजेवर उडणारी छोटी विमानं येऊ घातली होती. ती उतरणार कुठे, त्यांना वीज कुठून, आवाजाचं काय, याचा आराखडा गावांनी आधीच करावा म्हणून सरकार अनुदान देणार होतं. मोठ्या साहेबांनी बजावलं होतं, "अनुदान आलं तर तुमची हंगामी नोकरी कायम. नाही आलं तर महिनाअखेरीस नारळ!"

अकरा वर्षं हंगामी! घरी आल्या आल्या एकटाक्यांनी सासूबाईंना सांगूनही टाकलं, "आई, गावातल्या पहिल्या विमानात तुम्हीच बसायचं!" सासूबाई हरखल्या. या जावयाने त्यांना आजवर साध्या टॅक्सीतही बसवलं नव्हतं.

आता या कचेरीत कोऱ्या कागदावर अर्ज कोणीच लिहीत नसे. मागचा मंजूर झालेला काढायचा, नाव-तारीख बदलायची, की झालं! एकटाक्यांनी संगणकात 'विद्युत' एवढंच शोधलं. एक अर्ज सापडला, गेल्या वर्षी पहिल्या फटक्यात मंजूर झालेला. विद्युत दाहिनीचा!

"वीज ती वीजच," म्हणत त्यांनी 'दाहिनी' दिसेल तिथे 'विमान' घातलं, 'स्मशान' दिसेल तिथे 'विमानतळ' आणि 'मृतदेह' दिसेल तिथे 'प्रवासी'. एकोणीस पानं! वाचतो कोण? चहा गार व्हायच्या आत अर्ज रवाना.

अनुदानाचा नियम असा की अर्ज गावासमोर मोठ्याने वाचायचा, तोही खात्याच्या अधिकारी बाईंच्या देखत. शनिवारी सभागृह गच्च भरलं. सासूबाई पहिल्या रांगेत, ठेवणीतला सोन्याचा हार घालून.

पहिलं पान सुखरूप गेलं. दुसऱ्यावर एकटाके ठणठणीत आवाजात म्हणाले, "प्रत्येक प्रवाशासोबत डॉक्टरचा दाखला असणे बंधनकारक आहे."

"दाखला कशाला?" मागून न्हाव्याने विचारलं.

"उंचीवर जायचं ना! रक्तदाब वगैरे!" एकटाक्यांनी वेळ मारून नेली. "प्रवाशाच्या अंगावरील दागिने आधी काढून नातेवाइकांच्या ताब्यात द्यावेत."

सासूबाईंचा हात हाराकडे गेला.

"एका वेळी एकच प्रवासी. पुढचा प्रवासी घेण्याआधी विमान दोन तास थंड होऊ द्यावे."

इथे एकटाक्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण बाई समोर बसलेल्या, थांबणार कसं? जीभ आपली धावतच सुटली. "परतीची सोय: लागू नाही. आजवर एकाही प्रवाशाची तक्रार आलेली नाही."

सासूबाई ताडकन उठल्या.

"अस्सं! म्हणून मला पहिल्या विमानात बसवत होतात होय!"

"तसं नव्हे हो, आई—"

"दागिने काढून! परत न आणण्यासाठी! पोटची पोर दिली मी तुम्हाला!"

हशाने छप्पर उडायचं तेवढं राहिलं. मोठे साहेब कपाळाला हात लावून बसले. एकटाक्यांना डोळ्यांपुढे फक्त नारळ दिसत होता.

अधिकारी बाईंनी शांतपणे हात पुढे केला. "आणा ते इकडे." एकेक पान उलटत त्यांनी अर्ज वाचून काढला. मग त्यांनी विचारलं, "दाहिनीच्या अर्जावरून उतरवलात ना? मीच मंजूर केला होता तो."

एकटाक्यांनी मान खाली घातली. "चुकलो, मॅडम."

"चाळीस गावांचे अर्ज वाचलेत मी. सगळ्यांत भरारी आणि सुवर्णकाळ! तळ शाळेपासून किती लांब, वारा कुठला, वीज गेली तर काय, अग्निशमनाची गाडी किती मिनिटांत, शेजाऱ्यांची संमती, सोबत आलेल्यांना सावलीत बाकं... हे तुमच्या अर्जाशिवाय कुठेही नाही. बॅटऱ्याही थंड व्हाव्याच लागतात! दागिने, दाखला काढा, बाकीचं नीट तपासून पाठवा. आराखड्यासाठी अनुदान मंजूर."

हुश्श! एकटाके मटकन खुर्चीत बसले. छातीवरचा अकरा वर्षांचा धोंडा एकदाचा उतरला. त्यांना रडूच फुटलं, आणि न्हाव्याने आपला रुमाल पुढे केला.

संध्याकाळी ते पेढ्यांचा नाही, चांगला मोठा केकचा खोका घेऊन घरी आले. सासूबाईंनी केक खाल्ला, हार कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"आई, राग गेला ना? मग पहिल्या विमानात बसणार ना?"

"बसेन की," सासूबाई म्हणाल्या. "पण आधी तुम्ही जाऊन या. परत आलात, तर बघू."