चंद्रम्माच्या मडक्यांची अभ्यासभेट

पाणी वाचवणे हे पुण्याचे काम आहे. दुसऱ्याने वाचवलेले पाणी जाऊन बघणे हे त्याहून मोठे पुण्याचे काम आहे, कारण त्यात गाडी मिळते, जेवण मिळते आणि हाताला माती लागत नाही. बिदर-कलबुर्गीकडच्या कोरडवाहू पट्ट्यात पहिल्या प्रकारची माणसे फार थोडी, त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या माणसांची मोठी गैरसोय होत असे. ती आमच्या गावाने दूर केली, एवढे नम्रपणे नमूद करतो.

आमचे गाव बिदरकडच्या निर्णा गावाच्या थोडे अलीकडे. तिथे चंद्रम्मा नावाची साठीतली बाई एकटी राहते. नवरा वारला, मुलगा हैदराबादेत. सव्वा एकरात तिची लिंबोणीची चाळीस झाडे आहेत (होती, पण त्याकडे क्रमाने येऊ). प्रत्येक झाडाजवळ तिने एकेक मडके गळ्यापर्यंत पुरले आहे. मडक्याच्या बुडाला बारीक भोक, भोकात चिंधी, तोंडावर कौल. रोज दहा मडकी भरायची, की चार दिवसांत चाळीस होतात. पाणी उन्हाच्या नजरेस न पडता मुळाशी जाते. हे तिला कुणी शिकवले नाही. घरातल्या पाझरत्या रांजणाखालची जमीन कायम ओली असते, हे तिने पाहिले आणि रांजण बदलण्याऐवजी शेती बदलली.

तिची विहीर उन्हाळ्यात दिवसाला चौदा घागरी पाणी देते. पंधरावी मागितली तर गाळ देते. चार घागरी झाडांना, सहा म्हशीला आणि तिच्या रेडकाला, चार घराला. तीन वर्षे हा हिशोब एका घागरीनेही चुकला नाही आणि यंदा लिंबोण्यांना पहिल्यांदा फळ धरले. मग एक दिवस एका साहेबांची जीप नेमकी बांधाशी पंक्चर झाली. साहेबांनी प्यायला पाणी मागितले, मडकी बघितली, फोटो काढला. फोटो सोडला तर त्या दिवशी काहीही वाईट घडले नाही.

पुढच्याच आठवड्यात गावात 'अभ्यासभेट स्वागत समिती' स्थापन झाली. सदस्य नऊ. मी निवृत्त मुख्याध्यापक असल्याने आणि घरात माझा उपयोग संपल्याने चिटणीसपद माझ्याकडे आले. प्रत्येक भेटीस सर्व नऊ सदस्यांनी हजर राहावे आणि पाहुण्यांना एकटे वाटू नये म्हणून त्यांच्याबरोबर चहा घ्यावा, असा ठराव पहिल्याच बैठकीत एकमताने झाला. दुसरा ठराव अजून झालेला नाही.

आता आमच्याकडची रीत अशी की दारात आलेल्याला आधी पाय धुवायला पाणी, मग गूळ आणि प्यायला पाणी, मग बाकीचे बोलणे. बसमधून उतरलेल्या चाळीस-एकेचाळीस जणांनाही चंद्रम्मा याच क्रमाने घेते. समितीने बारकाईने काढलेल्या सरासरीनुसार एक पाहुणा अडीच लिटर पाणी खर्च करतो (पायांना एक लिटर, घशाला अर्धा, जेवणानंतर हात आणि चूळ यांना एक. चुळीत अधिकारी वर्ग किंचित पुढे आहे). म्हणजे एका बसला सात घागरी. पाणीबचत या विषयाचे गांभीर्य एवढ्या पाण्याशिवाय पाहुण्यांच्या मनावर ठसत नाही, असा आमचा अनुभव आहे.

शिवाय प्रत्येक भेटीची आठवण म्हणून एक रोप लावले जाते. बत्तीस भेटी, बत्तीस रोपे: गुलमोहर, बदाम, अशोक, एक शोभेचा पाम. प्रत्येकापुढे पाटी आणि पाटीवर नाव. ही रोपे मडक्यावर वाढवता येत नाहीत, कारण जमिनीखालून दिलेले पाणी फोटोत दिसत नाही. नावाची पाटी असल्यामुळे ती वाळवताही येत नाहीत. मार्चमध्ये बदाम कोमेजला तेव्हा चंद्रम्माकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. तिला लिहिता येत नसल्यामुळे तो मीच लिहिला आणि तिच्या वतीने क्षमाही मागितली.

असे करता करता बसच्या दिवशी एकोणीस घागरी लागू लागल्या. घरच्या चार, म्हशीच्या सहा, पाहुण्यांच्या सात, रोपांच्या दोन. यात लिंबोणीच्या चार धरलेल्या नाहीत, कारण लिंबोणी खुलासा मागत नाही. विहीर मात्र चौदाच देत राहिली. तिला परिपत्रक पोचले नसावे.

एप्रिलच्या एका दुपारी चंद्रम्माने मला बाजूला घेतले. "मास्तर, अजून किती जण यायलेत?"

"शुक्रवारी औरादचे, सोमवारी अफजलपूरचे. कामून, अक्का?"

"फळं गळायलीत. मडकी कोरडी हायत आठ दिवस झालं."

"मग पाहुण्यांना थोडं कमी पाणी द्या की."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी चष्मा पुसायला घेतला. "दारात आलेल्याला पाणी मोजून देऊ व्हय?" ती म्हणाली. "तुमी त्येंला येऊ नका म्हणा. मी कसं म्हणू?"

येऊ नका म्हणणे समितीच्या अधिकारात बसत नव्हते. टँकर मागवणे बसत होते. तो मागवला. टँकर भरला शेजारच्या जगदेवप्पाच्या बोअरला, आणि बोअर चंद्रम्माच्या विहिरीपासून सत्तर पावलांवर. आठवड्याभरात विहीर चौदाच्या आठ घागरी देऊ लागली. म्हणून टँकरच्या खेपा वाढवल्या.

मेच्या अखेरीस एकतीस झाडे वाळली. मी ती स्वतः मोजली आणि मला फार वाईट वाटले. तीन वर्षे त्या बाईला डोक्यावर घागर घेऊन त्या ओळींतून हिंडताना मी पाहत आलो होतो. एका वाळक्या फांदीवर सुपारीएवढे लिंबू होते. तिने ते तोडले नाही, नुसते हाताने धरून बघितले.

त्याच दिवशी बत्तिसावी बस आली. तिने सगळ्यांना पाय धुवायला पाणी दिले. पाहुण्यांचे प्रमुख वाळकी झाडे ओलांडून, मडक्यांचे फोटो काढून परतले आणि अदबीने म्हणाले, "अक्का, पाणी वाचवण्याचं मुख्य सूत्र एका वाक्यात सांगा. आम्ही लिहून घेतो."

"कुणाला दाखवायचं न्हाई," चंद्रम्मा म्हणाली.

सर्वांनी ते लिहून घेतले.

नंतर समितीने आजवरच्या एक हजार तीनशे बारा पाहुण्यांना पत्रे पाठवून विचारले, की आपण आपल्या जमिनीत किती मडकी पुरलीत. अकराशे उत्तरे आली. 'अतिशय प्रेरणादायी' असे नऊशे जणांनी कळवले, 'डोळ्यांत पाणी आले' असे दोनशे जणांनी. मडक्याचा आकडा कुणीच लिहिला नव्हता, तेव्हा तो रकाना पत्रातून काढून टाकला आहे.

वाचता वाचता आपल्याही मनात 'बिचारी' असे आले असेल, आणि 'एकदा जाऊन बघायला हवे' असेही. संकोच करू नका, तारीख कळवा. नऊ लिंबोण्या अजून हिरव्या आहेत. त्यांच्या वाट्याचे पाणी आपल्या पायांना सहज पुरेल.