दोन आसनांची तांबडी गाडी

एका रविवारी सुधींद्ररावांनी फोनवर लेकीला एक जादा प्रश्न विचारला. झाले ते एवढेच. एका जादा प्रश्नामुळे निवृत्त संस्कृत प्राध्यापकाच्या अंगणात दोन आसनांची तांबडी स्पोर्ट्स कार येऊन उभी राहू शकते, हे कोणी आधी सांगितले असते तर त्यांनी तो प्रश्न खुशाल गिळला असता. (प्रश्न गिळण्याचा त्यांना उत्तम सराव होता. संसारात तर त्यांनी दुसरे फारसे काही केलेच नव्हते.)

धारवाडात, केलगेरीच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे घर. शब्द जपून वापरावा, चुकीचा वापरण्यापेक्षा न वापरलेला बरा, हे त्यांचे मत. त्यामुळे घरातले बोलणे हे खाते पहिल्यापासून जयलक्ष्मीबाईंकडे होते. मुलगी वेदश्री बंगळूरला नोकरीला. तिचा रविवारी फोन यायचा, जयलक्ष्मीबाई तासभर बोलायच्या आणि शेवटी फोन सुधींद्ररावांच्या कानाला लावायच्या. मग ते विचारायचे, "पैसे आहेत ना? प्रकृतीला जप." या दोन वाक्यांत पितृत्वाचे सगळे सार आले, अशी त्यांची समजूत होती.

गेल्या श्रावणात जयलक्ष्मीबाई गेल्या. फोन येतच राहिला. पण ग्रंथाची प्रस्तावना गेली, प्रकरणे गेली, आणि उपसंहाराची दोन वाक्ये तेवढी उरली.

"अप्पा, जेवलात?"

"जेवलो. तू?"

"जेवले."

मग दोघेही एकमेकांच्या घरातल्या पंख्याचा आवाज ऐकत बसायचे.

त्या रविवारी असाच पंखा ऐकून झाल्यावर, काहीतरी बोलायचे म्हणून वेदश्री म्हणाली, "एक जुनी स्पोर्ट्स कार बघतेय. ट्रॅक डेसाठी."

एरवी ते "बरं" म्हणाले असते. त्या दिवशी त्यांनी विचारले, "ट्रॅक डे म्हणजे काय?"

वेदश्री सांगू लागली. कोइमतूरजवळ ट्रॅक आहे. ठरलेल्या दिवशी पैसे भरायचे, हेल्मेट घालायचे आणि आपलीच गाडी मोकळ्या ट्रॅकवर हवी तेवढ्या वेगाने पळवायची. शर्यत नाही, बक्षीस नाही, कुठे पोचायचेही नाही. "मग कशासाठी?" असे त्यांनी विचारले. त्याचेही उत्तर लांबलचक निघाले. फोन ठेवला तेव्हा सुधींद्ररावांचा कान तापला होता. जयलक्ष्मीबाई फोन ठेवल्यावर कान चोळत स्वयंपाकघरात का जायच्या, हे त्यांना इतक्या वर्षांनी कळले.

पुढच्या रविवारी ते म्हणाले, "हुबळीकडं पुष्कळ गाड्या असतात. व्यापाऱ्यांची मुलं लग्नाआधी घेतात आणि लग्नानंतर विकतात. मी बघतो."

"तुम्ही?" वेदश्री म्हणाली. तिच्या स्वरात हसू होते. ते हसू धरून त्यांनी अभ्यासाला सुरुवात केली.

अभ्यास म्हणजे अभ्यासच. ब्रेकच्या तबकड्या किती झिजल्या, इंजिन तापल्यावर काटा कुठे जातो, अपघातानंतर सांगाडा जोडून घेतला आहे का, हेल्मेट घातलेले डोके छताला लागते का, हे सारे ते शिकले. क्लचला मराठीत काय म्हणावे हे ठरेपर्यंत क्लचविषयी बोलणे त्यांना प्रशस्त वाटत नव्हते. अखेर क्लचच म्हणायचे ठरले, कारण रविवार जवळ आला होता.

पहिली गाडी बेळगावची, निळी. सोबत बालमित्र मुकुंदराव वकील होते. गाडी निर्दोष निघाली. मुकुंदराव म्हणाले, "घे की मग. आता काय पत्रिका जुळवतोस?"

परतीच्या वाटेवर कित्तूर मागे पडले तेव्हा सुधींद्ररावांच्या ध्यानात आले. गाडी ठरली की निवड संपली. निवड संपली की पुन्हा जेवलात, जेवलो, आणि पंखा.

त्या रात्री तिचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितले, "गाडी ठीक आहे, पण मालकानं पाणीसुद्धा विचारलं नाही."

"पाणी रेडिएटरमध्ये आहे ना, अप्पा?"

"थट्टा नको. जे लोक पाहुण्याला पाणी विचारत नाहीत ते गाडीला काय विचारत असतील?"

मग वेदश्री म्हणाली, "बरं. दुसरी बघू."

दुसरी उणकलच्या नव्या वसाहतीत सापडली, काळी. टायरच्या कडेवर तो कोणत्या वर्षी बनला याचे आकडे असतात, हे ज्ञान तोवर प्राप्त झाले होते. "चार टायर, चार जन्मसालं," त्यांनी कळवले, "हे कुटुंब नव्हे, धर्मशाळा आहे." पिवळी गाडी दार लावताना "हलक्या कुळातल्यासारखी" वाजली. करड्या गाडीचा मालक तिच्याबद्दल भूतकाळात बोलत होता, ते त्यांना अशुभ वाटले. प्रत्येक दोषावर वेदश्री वाद घालायची. ती आता बुधवारीही फोन करू लागली होती. एकदा तर बोलता बोलता "आई असती तर तुम्हाला गाडीसकट घराबाहेर काढलं असतं" असे म्हणाली, आणि दोघेही हसले. वर्षभरात आईचा उल्लेख दोघांकडूनही झाला नव्हता. तो गाडीच्या आडोशाने झाला.

मुकुंदरावांना मात्र संशय आला.

"सुध्या, तू गाडी बघत नाहीस. नाकारतोस."

"नाकारणं हा निवडीचाच भाग आहे."

"वकिलाला शिकवू नकोस. तारीख वाढवून घेणं कशाला म्हणतात ते मला पक्कं ठाऊक आहे." एवढे बोलून मुकुंदरावांनी मित्राच्या तोंडाकडे पाहिले आणि विषय बदलला. "पुढची तारीख कुठली?"

पुढची तारीख हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात होती. विठ्ठलरावांचे तिथे इलकल साड्यांचे आणि खणांचे जुने दुकान; मागच्या चौकात मुलाची तांबडी गाडी झाकून ठेवलेली. मुलाला मूल झाले होते, आणि दोन आसनांत तिसरे माणूस मावत नाही. वेदश्रीने पहिल्याच दिवशी सांगितले होते, "कुठलाही रंग चालेल, फक्त तांबडा नको." म्हणून तर सुधींद्ररावांनी ही गाडी निवडली. दोष घरूनच घेऊन निघालो आहोत, गाडी गळ्यात पडण्याचा संभव नाही, अशा निर्धास्त मनाने ते हातगाड्या चुकवत दुकानात शिरले.

"बर्री सर, कूडरी!" विठ्ठलरावांनी कन्नडमधून स्वागत केले आणि मराठीतून चहा सांगितला. पाणी तर आधीच आले होते. (तो दोष हातचा गेला.) चौकात गाडीवरचे कापड काढले गेले. तोच विठ्ठलरावांच्या पत्नी सविताअक्का पदर खोचत बाहेर आल्या आणि सुधींद्ररावांकडे निरखून पाहू लागल्या.

"तुम्ही जयलक्ष्मीअक्कांचे यजमान नव्हं? दर चैत्रात खण न्यायला यायच्या की हो. तासभर बोलत बसायच्या. अवंदा आल्याच नाहीत?"

सुधींद्ररावांनी शब्द शोधला. ज्याचा अर्थ तोच राहील आणि जो उच्चारता येईल, असा एकही सापडला नाही.

"गेल्या श्रावणात," असे मुकुंदरावच म्हणाले.

सविताअक्कांचा हात तोंडाकडे गेला. सुधींद्ररावांचा चेहरा त्यांच्या ताब्यातून सुटू लागला होता. चारचौघांत डोळे पुसण्याची त्यांना सवय नव्हती. लपायला चौकात दुसरी जागा नव्हती. म्हणून, गाडी तपासण्याचा आव आणून, ते दार उघडून चटकन आत बसले.

बसले म्हणजे कोसळले. ते आसन जमिनीपासून वीतभर उंच असेल नसेल. दार ओढून घेतल्यावर आत अंधार होता, चामड्याचा वास होता, आणि कोणाला काही दिसत नव्हते. ते तिथे हवे तेवढे रडले. (गाडीच्या या गुणाची नोंद कोणत्याही माहितीपत्रकात नाही.) मग नाक पुसून उठायला गेले, तर गुडघ्यांनी साफ नकार दिला. एकदा प्रयत्न केला, पुन्हा केला. शेवटी त्यांनी दार उघडून दोन्ही हात बाहेर काढले आणि हाक मारली, "मुकुंदा!"

मुकुंदराव गाडीच्या पलीकडे टायरचे जन्मसाल वाचत होते. अलीकडे उभ्या होत्या सविताअक्का, हातात तबक घेऊन. त्यांनी ते पसरलेले हात पाहिले, आणि त्या हातांत खण, सुपारी आणि नारळ ठेवला.

"मुलीला घेताय नव्हं? हा खण तिला. आईच्या हातचा समजून द्या."

"आयतु बिडरी!" ठरलं म्हणून विठ्ठलरावांनी दुकानाकडे तोंड करून आरोळी ठोकली. दुकानातली माणसे पेढे आणायला धावली.

दुर्गदबैलात नारळ हाती घेतला की व्यवहार झाला. त्याला कागद लागत नाही, आणि तो मोडणाऱ्याला पुन्हा त्या ओळीत तोंड दाखवता येत नाही. मुकुंदरावांनी मित्राला काखेत हात घालून ओढून काढले आणि कानात म्हणाले, "अजून वेळ गेली नाही. परत कर."

"कसा करू?" सुधींद्रराव म्हणाले. "खण आहे त्यात."

बँकेतली ठेव मोडली. दुकानाच्या ड्रायव्हरने गाडी धारवाडला आणली. वाटेतल्या प्रत्येक हंपवर तिचे पोट घासले आणि प्रत्येक वेळी सुधींद्ररावांनी "क्षमा असावी" म्हटले. संध्याकाळी त्यांनी स्वतःहून फोन लावला. असे पूर्वी कधी घडले नव्हते, त्यामुळे वेदश्री घाबरूनच बोलली.

"काय झालं, अप्पा?"

"गाडी ठरली."

"ठरली म्हणजे?"

"नारळ घेतला."

वेदश्री धारवाडचीच मुलगी. पुढे काही समजावून सांगावे लागले नाही. तिने एवढेच विचारले, "रंग?"

"तांबडा."

ती म्हणाली, "मी शनिवारी येते."

शनिवारी दुपारी अंगणाबाहेर गाडी थांबली. सुधींद्रराव फाटक उघडायला गेले आणि तिथेच उभे राहिले. वेदश्री जिच्यातून उतरली ती गाडी त्यांच्या ओळखीची होती. बेळगावची. निळी.

"ही... ही तर आपण नाकारली होती."

"तुम्ही नाकारली होती, अप्पा. मी त्या मालकाला दुसऱ्या दिवशीच फोन केला."

"म्हणजे ही तेव्हापासून तुझ्याकडं आहे? मग ती काळी? ती पिवळी? तो भूतकाळात बोलणारा?"

वेदश्रीने निळ्या गाडीच्या टपावरची धूळ बोटाने पुसली. मग तांबडीकडे पाहिले, मग वडिलांकडे.

"तुम्ही बोलत होतात ना, अप्पा."

फाटकाची कडी सुधींद्ररावांच्या हातातच होती. ती त्यांनी लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. गाडी अजून बाहेरच होती.

"त्यानं पाणी विचारलं का तुला?" अखेर ते म्हणाले.

"नाही."

"मी म्हटलंच होतं."

त्या रात्री दोघे जेवायला बसले तेव्हा बोलण्यासारखे काही सुचेना. समोरासमोर फोनही नव्हता. शेवटी सुधींद्ररावांनी उठून तो खण आणला आणि तिच्या ताटाशेजारी ठेवला. वेदश्रीने तो उलगडला, नाकाशी धरला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. नव्या खणाला जयलक्ष्मीबाईंचा वास येणे शक्य नव्हते. सुधींद्ररावांनी हे सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी ती निळी गाडी घेऊन परत गेली. तांबडी विकायची, असे ठरले. तोवर बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा आत बसून ती सुरू करायची, एवढे काम सुधींद्ररावांना शिकवण्यात आले. (त्यांना आयुष्यात फक्त स्कूटर चालवता आली, आणि तिच्याविषयीही मतभेद होते.)

गिऱ्हाइके येतात. एकाने चपला घालूनच गाडीत पाय ठेवला. दुसऱ्याने "फायनल बोला" असा शब्दप्रयोग केला. एकाचे सगळे ठीक होते, पण त्याला गाडी तळ्याकाठी फोटो काढायला हवी होती. "पुन्हा तारीख?" असे मुकुंदराव विचारतात, आणि उत्तराची वाट न पाहता चहा मागतात.

रविवारी दुपारी सुधींद्रराव तांबड्या गाडीत बसतात, किल्ली फिरवतात आणि फोन शेजारच्या आसनावर ठेवतात. इंजिन चालते तेवढा वेळ वेदश्रीला ट्रॅकवरची हकिकत ओरडून सांगावी लागते. ते बंद केल्यावर हलक्या आवाजात उरलेले बोलता येते. परवा तिने आईविषयी बराच वेळ सांगितले. त्यातले पुष्कळसे त्यांना ठाऊकच नव्हते.

"अप्पा, ऊन उतरलं असेल. ठेवू का आता?"

"ठेवू नकोस," सुधींद्रराव घाईने म्हणाले. "या आसनातून मला एकट्याला उठता येत नाही. संध्याकाळी दूधवाला गणपत येतो, तो हात देऊन काढतो. आणि तो अजून आलेला नाही."

"आलोय की हो सर!" दाराबाहेरून गणपत मोठ्याने म्हणाला. "मघाधरनं हात पुढं करून उभा हाय. दूध तापवायचं का नासवायचं, तेवढं सांगा."